डिसेंबर सरला तरी आंब्याला मोहोर नाही, नुसती पालवी: काय तपासायचे आणि कुठे थांबायचे

आधी लक्षणे. पुण्यात बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागा सांभाळायचे माझे काम. जानेवारी उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर आंब्याचे फोटो यायला लागतात आणि ते साधारण असे असतात:

- ऐन थंडीत झाडभर तांबूस, लुसलुशीत पालवी. मोहोराचा पत्ता नाही. मालक खूश असतात, कारण झाड सुंदर दिसते.
- अर्ध्या झाडाला मोहोर, अर्ध्याला पालवी. बहुधा एकच बाजू.
- मोहोराच्या दांड्यालाच मध्ये मध्ये छोटी पाने. आला तर आहे, पण लेकुरवाळा.
- काहीच नाही. पाने गडद हिरवी, शेंडे गप्प.
- मोहोर नोव्हेंबरातच आला, मग राखाडी किंवा काळा पडून झडला.
- मोहोर आला, वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या, आणि फेब्रुवारीत त्याच फांदीवर दुसरा मोहोर आला. कैऱ्या गळाल्या.
- मोहोर फुलकोबीसारखा गच्च गोळा झालेला.

शेवटचे लक्षण असेल तर पुढचे वाचत बसू नका. ती मोहोराची विकृती. फ्युजारियम नावाच्या बुरशीमुळे होते, हवामानाने नाही. गोळ्याखाली वीतभर फांदी धरून कापा आणि जाळा, कंपोस्टात टाकू नका. पहिली तीन मात्र एकाच दुखण्याची तीन रूपे आहेत, आणि त्याचे मूळ जानेवारीत सापडत नाही. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते.

थोडे कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्यांचा क्रम पटेल. थंड प्रदेशातली चेरी हिवाळ्यात पाने टाकून खरोखर झोपते. शून्य ते सात अंशांच्या आसपासच्या थंडीचे शेकडो तास मोजते आणि मगच उठते. आंबा तसा झोपत नाही, पाने ठेवून डुलकी काढतो. परतीचा पाऊस गेला, ऑक्टोबरच्या उन्हाने माती सुकली, की शेंड्यांची वाढ थांबते. मग थंड रात्री सुरू झाल्या की झाडावरची जून, पक्की पाने मोहोराचा निरोप तयार करतात आणि तो शेंड्याच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे टोकाच्या मिटलेल्या कोंबापर्यंत, जातो. त्यानंतर डोळा फुटला तर मोहोर. निरोप यायच्या आत फुटला तर पालवी. अर्धवट निरोपावर फुटला तर तो लेकुरवाळा प्रकार.

आता यात ऑक्टोबरअखेरच्या दोन दणदणीत सरी घाला. मातीत ओल आली, ढगांमुळे रात्री उबदार राहिल्या, आणि डुलकी घेणारे झाड जागे झाले. १७ ऑक्टोबर २०२२ ची रात्र पुणेकर विसरले नसतील, रस्त्यांचे ओढे झाले होते. त्याच्या आदल्या वर्षी तर डिसेंबरचे पहिले दोन दिवस पावसात गेले. अशा सालांत पुढच्या दोन-तीन आठवड्यांत नवती, म्हणजे नवी पालवी, फुटते आणि ती पक्की व्हायला तीन-चार महिने लागतात. थंडी येते तेव्हा निरोप द्यायला झाडावर म्हातारी पानेच पुरेशी नसतात.

पाऊस तुमच्या हातात नाही. पण माझ्या अनुभवात पावसावर ढकललेल्या दर दुसऱ्या झाडाला घरातूनच कोणीतरी जागे केलेले असते. म्हणून फुकटच्या तपासण्या आधी.

१. आठवा (खर्च शून्य)

गेल्या वर्षी झाड लगडले होते का? हापूस एका वर्षी भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी दम खातो. फळे पोसण्यात साठा संपलेला असतो, शिवाय फळांनी लगडलेल्या फांद्यांवर वेळेत नवी पालवी येत नाही. तसे असेल तर यंदाच्या पावसाला दोष देऊ नका. 'शेजाऱ्यांच्या झाडाला दरवर्षी कसा येतो?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा शेजाऱ्यांच्या जातीत असते. तोतापुरी, नीलम, आम्रपाली दरवर्षी येणाऱ्या. आम्रपाली ही दशहरी आणि नीलमच्या संकरातून १९७१ साली दिल्लीत तयार झाली, तीही याच कटकटीवर उपाय म्हणून.

दुसरे, झाड कलमी आहे की कोयीचे? कोयीपासून आलेले रायवळ सात-आठ, कधी दहा वर्षेसुद्धा वाट पाहायला लावते. पाच वर्षांच्या रायवळाला मोहोर नाही म्हणून औषध मागायला येणाऱ्यांना मी चहा देते आणि परत पाठवते. कलमी असेल तर बुंध्याशी वाकून कलमाच्या जोडाखालून फुटवे आलेत का तेही पाहा. एकदा एका बंगल्यात मूळ कलम मेलेले होते आणि सगळे घर सहा वर्षे खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपाच्या, फुटव्याची सेवा करत होते.

२. शेंडा हातात घ्या (खर्च शून्य, फार तर शिडी)

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बाकीच्या तपासण्या हिच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

झाडाच्या चारही बाजूंचे, हाताला येतील असे दहा-बारा शेंडे निवडा. एकेका शेंड्याची वरून खाली पाने बघत या. तांबूस किंवा पोपटी, लोंबणारी, बोटांत धरली तर कापडासारखी मऊ लागणारी पाने म्हणजे दोन-तीन आठवड्यांची नवती. हिरवी झाली आहेत पण अजून वाकवली तर नुसती वाकतात, ती महिना-दोन महिन्यांची. गडद हिरवे, जाडसर, मध्ये दुमडले की 'कट्' आवाज करून मोडणारे पान पक्के. असे पान मोडल्यावर कच्च्या कैरीचा तो उग्र वासही जास्त येतो, पण यावर शास्त्र बांधू नका, मला तसे वाटते एवढेच.

मग टोकाचा डोळा. बारीक, टोकदार, पानांच्या देठात दडलेला असेल तर तो झोपलेला आहे किंवा पालवी काढणार आहे. हरभऱ्यासारखा गोल, टपोरा फुगला असेल तर मोहोर आत आहे. नखाने टोचून बघायचा मोह आवरा. मी शिकताना असे वीसेक डोळे फोडले आहेत आणि त्यातून एकच गोष्ट शिकले, की फोडलेल्या डोळ्यातून काही येत नाही.

दहांपैकी सात-आठ शेंडे पक्के आणि डोळे गप्प असतील, तर झाड तयार आहे आणि थंडीची किंवा ताणाची, म्हणजे माती सुकण्याची, वाट पाहते आहे. पुढे वाचा, आशा आहे. दहांपैकी सात-आठ कोवळे असतील, तर यंदाचा जानेवारीचा मोहोर गेला. त्या झाडावर कोणतेही औषध मारून उपयोग नाही, कारण निरोप देणारे पानच अजून शाळेत आहे. नवती किडींपासून जपा. ती फेब्रुवारी उलटेपर्यंत पक्की झाली आणि रात्री गार राहिल्या तर थोडा उशिराचा मोहोर येतो. तो मात्र मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतो आणि बाळकैऱ्या बऱ्याच गळतात, हे आधीच धरून चाला. अर्धे-अर्धे निघाले तर कोणती बाजू कोवळी आहे ते लिहून ठेवा. चौथ्या तपासणीत लागेल.

३. थंडी पडली का, तुमच्या अंगणात?

साधारण दोन-तीन आठवडे रात्री पंधरा-सोळा अंशांच्या खाली राहिल्या की पक्क्या शेंड्यांना पुरते. 'पुण्यात तर कडाका आहे, पेपरात नऊ अंश आलंय,' असे मला मगरपट्ट्यातून सांगतात. पेपरातला आकडा बहुतेक वेळा शिवाजीनगरचा असतो, सिमला ऑफिसच्या आवारातल्या वेधशाळेचा. त्याच पहाटे मगरपट्ट्यात चार-पाच अंश जास्त असणे नेहमीचे आहे. काँक्रीट दिवसभर तापते आणि रात्रभर ऊब सोडत बसते. भिंतीला चिकटून लावलेल्या झाडाचेही तेच. आंब्याच्या सावलीत साधा थर्मामीटर टांगा आणि आठवडाभर पहाटे सहाला बघा. किमान-कमाल नोंदवणारा मिळाला तर उत्तम.

थंडी उशिरा आली असेल आणि शेंडे पक्के असतील तर औषध एकच, वाट पाहणे. कोकणात डिसेंबरात दिसणारा मोहोर पुण्यात जानेवारी-फेब्रुवारीत येणे यात काही बिघडलेले नाही. रत्नागिरीच्या मामाने फोटो पाठवला म्हणून घाबरू नका.

उलट बाजूही आहे. थंडी लांबली तर त्याच फांद्यांवर पुन्हा मोहोर निघतो आणि आधीच्या कैऱ्यांचा घास त्याच्याकडे जातो. हे ते सहावे लक्षण, बागायतदार त्याला पुनर्मोहोर म्हणतात. घरच्या झाडाला मी एवढेच करते, हाताला येतो तेवढा दुसरा मोहोर कोवळा असतानाच खुडते. कोकणात यासाठी जिबरेलिक आम्लाची फवारणी करतात, पण ते मात्रेचे आणि नेमक्या वेळेचे काम आहे. शिवाय दहा अंशांखाली घसरलेल्या रात्रींत परागकणच नीट तयार होत नाहीत, त्यामुळे गच्च मोहोर येऊनही कैरी धरत नाही, किंवा कोय नसलेल्या चिमुकल्या कैऱ्या धरतात आणि गळतात. त्यावर तुम्ही-मी काही करू शकत नाही.

४. पाणी कुठून येते आहे?

पाच वर्षांपुढच्या, जमिनीतल्या आंब्याला पावसाळा संपल्यापासून कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत पाणी द्यायचे नाही. एक थेंबही नाही. याला ताण देणे म्हणतात, आणि हा ताणच उबदार वर्षांत थंडीची थोडीफार उणीव भरून काढतो. हे सांगितले की समोरून हमखास उत्तर येते, 'आम्ही देतच नाही हो पाणी.'

सहकारनगरातल्या एका जुन्या बंगल्याचे झाड सांगते. चाळीसेक वर्षांचा हापूस, सलग तीन वर्षे फक्त दक्षिणेच्या बाजूला मोहोर. उत्तरेला दर डिसेंबरात पालवी. काकांनी पाणी तोडले होते, खरेच तोडले होते. मी उत्तरेच्या फांद्यांच्या टोकाखाली पहार मारून हातभर खड्डा घेतला. वरची चार बोटे माती भुसभुशीत, कोरडी. त्याखालची हातात दाबली तर लाडू झाला, आणि मोडेना. दक्षिणेच्या खड्ड्यातली माती मुठीतून वाळूसारखी सांडली. मग आम्ही दोघे भिंतीकडे बघत उभे राहिलो. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप वेलीच्या आड भिंतीतून खाली उतरून नेमका तिथेच जमिनीत जात होता. टाकीचा फ्लोट खराब. रोज पहाटे पाणी आले की वीस-पंचवीस मिनिटे आंबा आंघोळ करत होता. काकू आतून म्हणाल्या, 'मी सांगत होते, टाकी वाहतेय म्हणून.' फ्लोट बदलला. पुढच्या जानेवारीत उत्तरेलाही मोहोर आला, थोडा विरळ, पण आला.

तेव्हापासून मी तोंडी उत्तरावर विश्वास ठेवत नाही, खड्डा घेते. तुम्हीही घ्या, पण बुंध्याशी नको. पाणी पिणारी मुळे फांद्यांच्या टोकांच्या खाली असतात. दोन विरुद्ध बाजूंना हातभर खोल. माती लाडू होत असेल तर शोध सुरू करा: लॉनचे स्प्रिंकलर, शेजारच्या गुलाबांचे ठिबक, गाड्या धुण्याची जागा, आरओचे फेकलेले पाणी, एसीची नळी, भिंतीपलीकडच्या सोसायटीचा गळका चेंबर. नदीकाठच्या काळ्या मातीत एकदा मुरलेले पाणी आठवडे टिकते, टेकडीच्या मुरमात चार दिवसांत उतरते. म्हणून एकच अवकाळी पाऊस कर्वेनगरात झाडाला फसवतो आणि बावधनच्या चढावर काही होत नाही.

अवकाळी पाऊस पडूनच गेला असेल तर आळे मोडा, म्हणजे पाणी साठणार नाही. पालापाचोळ्याचे आच्छादन बाजूला ओढा आणि वरची माती खुरप्याने दोन-तीन बोटे हलवा. खोल खणू नका, मुळे तुटतील. उन्हाने माती लवकर सुकते, नवती थोडी कमी फुटते. आच्छादन फेब्रुवारीत परत घाला. कुंडीतल्या आणि लहान झाडांना मात्र हा ताण देऊ नका, मरतील.

५. खत

ऑक्टोबर-नोव्हेंबरात युरिया, शेणखत, जिवामृत, किचनचे कंपोस्ट यांपैकी काहीही घातले असेल तर ते पालवीचे आमंत्रण होते. दिवाळीला बाग साफ करताना माळी उरलेले खत 'मोठ्या झाडाला' घालून टाकतात. लॉनला मारलेला युरियाही आंब्याचीच मुळे खातात. खताची वेळ पावसाळ्याच्या तोंडाशी, जूनमध्ये. घातले गेले असेल तर काढता येत नाही. पुढच्या वर्षी लक्ष ठेवा आणि पुढे चला.

६. छाटणी

ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर. २०२२ च्या त्या ऑक्टोबरच्या पावसात आमच्या दारच्या केसरची एक फांदी मोडली. ती कापताना हातात करवत होती, माणूस शिडीवर होता, तेव्हा म्हटले बाकीचेही जरा नीट करून घेऊ. आठ-दहा शेंडे उडवले. नोव्हेंबरात प्रत्येक कापाखालून चार-चार तांबूस फुटवे. जानेवारीत आईने विचारले, 'दुसऱ्यांच्या झाडांचे पैसे घेतेस ना गं तू?'

यातली गंमत अशी, की आंबा आणि चेरी इथे बरोबर उलटे वागतात. २०१८ साली जपानमध्ये चेरीची झाडे ऑक्टोबरात फुलली. तिकडे ती मार्च-एप्रिलात फुलतात. त्या सप्टेंबरातल्या चक्रीवादळांनी झाडांची पाने उडवली होती. चेरीच्या पानांतून डोळ्यांना 'झोपून राहा' असे सांगणारे द्रव्य जात असते. पाने गेली, वर हवेत ऊब आली, डोळ्यांना वाटले वसंत आला. त्या डोळ्यांनी पुढच्या वसंतातली फुले ऑक्टोबरातच खर्च केली. शिलाँगला नोव्हेंबरात फुलणारी जंगली चेरी, पद्मक, ही वेगळी जात. तिचा तो ठरलेलाच हंगाम आहे. थोडक्यात, चेरीचे पान डोळ्याला निजवते आणि आंब्याचे पान डोळ्याला मोहोर शिकवते. म्हणून चेरीची पाने गेली तर अवेळी फुले, आंब्याची गेली तर फूलच नाही. (हडपसर-मगरपट्ट्याकडे फेब्रुवारी-मार्चात गुलाबी बहरणारी झाडे टॅबेबुयाची आहेत. नर्सरीत त्यांना कोणी चेरी ब्लॉसम म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा.)

आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच, जूनमध्ये. म्हणजे पावसाळ्यातली पालवी हिवाळ्यापर्यंत पक्की होते. सप्टेंबरनंतर करवत घरात ठेवा. फांदी मोडलीच तर तेवढीच कापा.

आणि इथे पहिला थांबा. महापालिका हद्दीत झाडाच्या फांद्या छाटायलाही उद्यान विभागाची परवानगी लागते, झाड तुमच्या कंपाउंडात असले तरी. १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा त्यासाठीच आहे. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर माळ्याला वर चढवू नका, वीज कंपनीला कळवा. ओल्या फांदीला तार टेकलेली असताना ॲल्युमिनियमची शिडी लावणारी माणसे मी पाहिली आहेत.

उन्हाचेही इथेच सांगून टाकते. शेजारी सात मजली इमारत उभी राहिल्यापासून त्या बाजूला मोहोर थांबला असेल तर हवामानात कारण शोधू नका.

७. मोहोर आला आणि झडला

नोव्हेंबरात आलेला मोहोर दव, धुके आणि ढगाळ हवेच्या तोंडी सापडतो. पांढरी-राखाडी पिठासारखी बुरशी म्हणजे भुरी. काळे ठिपके पसरत जाऊन दांडा करपला तर करपा, तो पावसानंतर हमखास. झाडाखाली उभे राहिल्यावर कोरड्या पानांवर बारीक पाऊस पडल्यासारखी टपटप ऐकू आली आणि गाडीवर चिकट थर बसत असेल, तर तुडतुडे. खात्री करायला मोहोराखाली पांढरा कागद धरा आणि दांड्याला टिचकी मारा. पाचरीच्या आकाराचे, तिरपे पळणारे किडे कागदावर दिसतील. नवती जास्त म्हणजे तुडतुड्यांना अंडी घालायला जागा जास्त, म्हणून अवकाळी पावसाच्या वर्षी ते दुप्पट छळतात.

भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारे ८० टक्क्यांचे गंधक, लिटरला २ ग्रॅम, ऊन चढायच्या आत. तुडतुड्यांसाठी कडुनिंबाचे तयार द्रावण, पण मोहोर उमलण्याआधी. फुले उघडल्यावर कीटकनाशक मारू नका. आंब्याचे परागीभवन बहुतांशी माश्या करतात. घरातल्या लोकांना त्या नकोशा वाटतात, पण झाडाला हव्या असतात. झाड वीस फुटांपेक्षा उंच असेल तर पाठीवरचा पंप तिथे पोहोचत नाही आणि औषध तुमच्याच तोंडावर येते. फवारणीवाल्याला बोलवा आणि काय मारतोय ते बाटली हातात घेऊन वाचा.

८. पोटॅशियम नायट्रेट (थोडा खर्च, अटी जास्त)

दुकानात १३-०-४५ म्हणून मिळते. १९७० च्या दशकात फिलिपिन्सच्या रॅमोन बार्बा यांनी दाखवले की याची फवारणी आंब्याला अवेळी मोहोर आणू शकते, आणि त्यावर तिथली आंब्याची शेती बदलली. मात्र ते डोळ्याला जागे करते, काय फुटायचे ते ठरवत नाही. निरोप आधीच पोहोचला असेल तर मोहोर, नसेल तर पालवी. म्हणून दुसऱ्या तपासणीत शेंडे पक्के निघाले, थंडी पडून गेली, माती कोरडी आहे, आणि तरी डोळे गप्प आहेत, असे चारही जुळले तरच. लिटरला १० ग्रॅम, ऊन उतरल्यावर, पाने ओली होतील इतके. एकदा, फार तर दोन आठवड्यांनी पुन्हा. कोवळ्या नवतीवर मारलेत तर कडा जळतील. जास्त घातले तर जास्त मोहोर येतो असे काही नाही.

९. इथून पुढे थांबा

यानंतर लोक 'ते कल्टार टाकू का?' असे विचारतात. म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. झाडातल्या वाढीच्या संप्रेरकाला, जिबरेलिनला, ते अडवते आणि शेंड्यांची वाढ रोखते. अवकाळी पावसातही नवती कमी फुटते, म्हणून कोकणातल्या बागायतदारांना ते वरदान वाटते. पण कोकणात हापूससाठी ते द्यायची वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. जानेवारीत ओतून यंदा काही होणार नाही. मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर मोजतात, दर मीटरला ३ मिलि, आणि बुंधा व फांद्यांचे टोक यांच्या मधल्या रिंगणात भोके पाडून देतात. ते मातीत बराच काळ राहते. तुमच्या अंगणात त्याच रिंगणात पुदिना, कढीपत्ता, शेजाऱ्यांचे लिंबू आणि बहुधा विहीर किंवा बोअर असते. मी घरच्या झाडांना ते देत नाही. तुम्हाला द्यायचेच असेल तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या उद्यानविद्येच्या माणसाला किंवा अनुभवी बागायतदाराला आधी झाड दाखवा, मे-जूनमध्ये.

यांपैकी काही दिसले तर तपासण्या बंद करून लगेच जाणकार माणूस बोलवा:

- बुंध्याला भोक आणि खाली लाकडाचा भुसा. हा भिरूड, खोड पोखरणारा किडा. मोहोराचे राहू द्या, झाड वाचवायचे आहे.
- फांद्या शेंड्याकडून खाली वाळत येणे, सालीतून डिंक.
- एका बाजूची पाने अचानक मलूल, आणि त्याच बाजूला नुकतेच ड्रेनेजचे किंवा पेव्हर ब्लॉकचे खोदकाम झालेले. मुळे तुटली आहेत. झाड त्याच बाजूला किंवा विरुद्ध बाजूला कलू शकते.
- मोठ्या झाडाचा बुंधा ठोकल्यावर पोकळ आवाज.

फोटो पाठवून सल्ला विचारायचा असेल तर पूर्ण झाडाचा फोटो नको. चार दिशांच्या चार शेंड्यांचे पाठवा, प्रत्येकाशेजारी एक रुपयाचे नाणे धरून, म्हणजे डोळ्याचा आकार कळतो. सोबत खड्ड्यातली माती मुठीत दाबून तळहातावर ठेवलेली. आणि ऑक्टोबरपासून त्या झाडाला कोणी कोणी काय केले ते लिहा. माळ्यालाही विचारून.